बर्ड फ्लूमुळे एलिफंट सीलचे किनारे का ओस पडतायत?

बर्ड फ्लू म्हटलं की आपल्याला नवापूरच्या कोंबड्या आठवतात. पण या आजाराचा जबर फटका आता समुद्रातल्या एका अवाढव्य सस्तन प्राण्याला बसतोय. त्याचं नाव एलिफंट सील. याच्या नराला सोंडेसारखं नाक असतं आणि वजन ३ ते ४ टनांपर्यंत जातं.

नेमकं काय घडलं?

२०२३ मध्ये अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर एच५एन१ विषाणू पोहोचला. त्या हंगामात जन्मलेली सुमारे ९७ टक्के, म्हणजे १७ हजारांहून जास्त पिल्लं दगावली. आदल्या वर्षी हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास होतं. साउथ जॉर्जिया बेटावर या प्राण्यांची जगातली सर्वात मोठी वसाहत आहे. तिथल्या तीन प्रमुख किनाऱ्यांवर २०२२ च्या तुलनेत २०२४ मध्ये ४७ टक्के कमी माद्या दिसल्या. त्या सगळ्याच मेल्या असं नाही, काही विणीसाठी आल्याच नसतील. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हर्ड बेटावरही संसर्ग आढळला.

फटका इतका मोठा का?

हा प्राणी वर्षातला बराचसा काळ समुद्रात एकटाच असतो. दीड-दोन किलोमीटर खोल बुडी मारतो. पण विणीच्या काळात सगळे एकाच वेळी, ठरलेल्या किनाऱ्यांवर येतात. एका नराभोवती अनेक माद्या अगदी खेटून पडलेल्या असतात. विषाणूला अशी गर्दी हवीच असते.

त्यात मादी जवळपास २३ दिवस काहीही न खाता पिल्लाला दूध पाजते. तेवढ्यात ४० किलोचं पिल्लू १२० किलोच्या आसपास पोहोचतं. या दिवसांत आई आजारी पडली किंवा निघून गेली, तर पिल्लाची उपासमार ठरलेली.

याचा आपल्याशी काय संबंध?

नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१ मुळे दगावले. तिथे संशय खाद्यातल्या कोंबडीच्या मांसावर होता. सील मात्र कोंबड्या खात नाहीत. अर्जेंटिनातल्या विषाणूच्या जनुकीय अभ्यासातून तो सस्तन प्राण्यांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे पसरल्याचे पुरावे मिळाले. जगभरातले शास्त्रज्ञ यावर लक्ष ठेवून आहेत ते म्हणूनच. माणूसही सस्तन प्राणीच आहे.

पुढे काय?

मादी वर्षाला एकच पिल्लू देते. त्यामुळे पिल्लांपेक्षा प्रौढ माद्या जाणं जास्त महागात पडतं. वाल्देसची वसाहत पूर्ववत व्हायला अनेक दशकं लागू शकतात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

एकेकाळी चरबीच्या तेलासाठी या प्राण्यांची बेसुमार कत्तल झाली होती. साउथ जॉर्जियात १९६० च्या दशकात शिकार थांबली आणि ते सावरले. शिकार थांबवता आली. विषाणूला मात्र असं थांबवता येत नाही. सध्या हातात आहे ती एवढीच गोष्ट: किनाऱ्यांवर सतत लक्ष ठेवणं आणि माणसांनी तिथून लांब राहणं.