शितावरून खाणीची परीक्षा

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा. दुसरा डोंबिवलीकरांचा, कल्याण-शिळ रस्त्यालगतचा. पायाखाली मात्र दोन्हीकडे एकच काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्या पोकळ्यांतले पांढरे, चकाकते स्फटिक मुले हौसेने घरी आणतात आणि विचारतात, यात धातू आहे का? ते बहुधा झिओलाइट किंवा कॅल्साइट असते. तांबे म्हणाल तर ते काळ्या दगडातही असते. पण दहा लाख भागांत शे-दोनशे भाग! खाण परवडायला साधारण एक टक्का, म्हणजे याच्या पन्नास ते शंभर पट हवे.

तसा शोध महाराष्ट्रात घ्यायचा तो विदर्भातल्या, आपल्या कातळाहून कितीतरी जुन्या खडकांत. नागपूर जिल्ह्यात कोलारी-भावरीला जस्त आढळले, चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासन्याला तांबे. (नावात ठाणे आहे, एवढाच आपला संबंध.) अशा ठिकाणांविषयी ‘साठा सापडला’ म्हणून मथळे येतात. माझा आक्षेप आहे तो त्या ‘सापडला’ या शब्दाला.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात सारखा शिजलेला असतो. खडक असा नसतो. तांब्याचा हिरवा डाग दगडावर रंगासारखा पातळ पसरतो, आणि हात नेमका हिरव्यागार तुकड्याकडेच जातो. म्हणून जाणता भूवैज्ञानिक वेचलेल्या दगडावर विसंबत नाही. तो धातूच्या शिरेला आडवी, सारख्या रुंदीची व खोलीची खाच पाडून चुरा गोळा करतो. चुरा जास्त झाला तर नीट कालवून ढीग करायचा, चपटा करायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्याचे पुन्हा तसेच. आपली आजी याला निवडटिपण म्हणाली असती! त्यानंतर हिऱ्याच्या दातांच्या नळीने खोल छिद्रे घेऊन दगडाचे दांडके वर काढतात. तिथेही फसगत होते. ठिसूळ खनिज पाण्याबरोबर वाहून जाते आणि निकाल खोटा येतो. दांडके उभे चिरून अर्धे प्रयोगशाळेला पाठवायचे आणि अर्धे पेटीत जपून ठेवायचे, ही रीत त्यामुळेच मोलाची.

ती मोडली की काय होते, हे १९९७ मध्ये जगाने पाहिले. इंडोनेशियातील बुसांगला प्रचंड सोने असल्याचे ब्रे-एक्स ही कॅनडाची कंपनी सांगत होती. तिने दांडकी अर्धी राखलीच नव्हती, सगळी दळून टाकली होती. दुसऱ्यांनी शेजारी छिद्रे घेतली, तेव्हा सोने जवळजवळ नव्हतेच. नमुन्यांत ते बाहेरून मिसळले होते. हजारो सामान्य गुंतवणूकदारांची बचत बुडाली.

आपल्याकडे २०१५ च्या दुरुस्तीनंतर खनिजपट्ट्यांचे लिलाव होतात आणि शोधाचा खर्च भागवायला स्वामित्वधनाच्या तीन टक्के (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी दोन टक्के) रकमेचा निधी आहे. जमीन ज्याची जाणार, त्या शेतकऱ्याला मात्र फक्त टनांचा आकडा ऐकवला जातो. छिद्रे किती, एकमेकांपासून किती अंतरावर, दांडके किती हाती आले, दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल काय, हे ग्रामसभेपुढे मराठीत मांडायला हवे. आणि राखलेल्या अर्ध्या दांडक्यांची पेटी गावकऱ्यांना मागताच उघडून दाखवली पाहिजे.