एका स्क्रूपायी यंत्र भंगारात का जावे?

शिवणयंत्राचा एखादा स्क्रू हरवावा, दुकानोदुकानी विचारूनही त्याचा जोड मिळू नये, आणि अखेरीस तीन पिढ्यांच्या कामी आलेले ते बिडाचे सुदृढ यंत्र वजनावर भंगारवाल्याच्या स्वाधीन व्हावे, हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे की त्यात काही अनुचित घडते आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. मला ते अनुचित वाटते. ज्या घरी एक वाईस, दोन-चार कानशी, एक व्हर्नियर आणि ऐपत असल्यास लहानसा लेथ आहे, त्या घरी असा स्क्रू तयार होऊ शकतो. कसबी हात आजही गावोगाव आहेत. उणीव आहे ती हातातील जिन्नस नेमका कोणता, हे मोजमापाने ठरविण्याच्या विद्येची.

ही विद्या आपल्याकडे विशेष अगत्याची आहे, कारण आपल्या घरांत आणि शिवारांत निरनिराळ्या काळांची यंत्रे एकाच वेळी राबत आहेत. व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने 1841 साली 55 अंशांच्या कोनाचे आटे प्रमाण म्हणून सुचविले. सूक्ष्म उपकरणांसाठी ब्रिटिश असोसिएशनने 1884 मध्ये साडेसत्तेचाळीस अंशांची वेगळी मालिका पुरस्कृत केली. 1948 मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांनी 60 अंशांच्या आट्यांचा करार केला. आणि आपण 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. परंतु कायदा बदलला म्हणून विहिरीवरचे इंजिन बदलत नाही, आणि आमचा मिस्त्रीही आठ सुतांचा इंच धरून अर्ध्या इंचाच्या बोल्टाला आजतागायत ‘चार सुती’च म्हणतो. या चार सुती बोल्टावर व्हिटवर्थ पद्धतीने इंचाला 12 आटे असतात आणि अमेरिकी पद्धतीने 13. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन आटे बिनतक्रार चढतो, मग अडतो. आणि ही अडचण गंजाची आहे असे समजून कोणी लांब पाना लावून जोर केला, की नट आणि बोल्ट दोन्ही कायमचे कामातून जातात.

शिवणयंत्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. सिंगरच्या जुन्या यंत्रांतील कित्येक स्क्रूंचे आटे बाजारातील कोष्टकांत सापडतच नाहीत. त्यांपैकी एका प्रकाराचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांचे नऊ, म्हणजे सुमारे 3.57 मिलिमीटर, आणि इंचाला आटे 40. साडेतीन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू त्याच्याशेजारी ठेवला तर भल्याभल्यांना फरक दिसत नाही. पण एकाचे दोन आट्यांमधील अंतर 0.635 मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचे 0.6, आणि एवढ्याशा तफावतीने यंत्राच्या बिडातील मूळचे आटे सोलून निघतात. म्हणून आधी व्यास, मग पिच गेजची पाती एकामागून एक आट्यांवर बसवून उजेडाकडे धरावयाची. पाते आणि आटे यांच्यामधून प्रकाशाची फटही दिसली नाही, तरच ओळख पटली असे मानावे. आटे डावे की उजवे हेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसल्याने कितीतरी क्रँक नासले आहेत.

मापाइतकीच धातूची पारख महत्त्वाची. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, कानस ज्यावरून घसरते ते पोलाद पाणी दिलेले असते, आणि ग्राइंडरवर धरलेल्या मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, तर बिडाच्या आखूड व तांबूस निघतात, हे बहुतेक कारागिरांना ठाऊक असते. फसगत होते ती साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूपाशी. तो दिसावयास ॲल्युमिनियमसारखा, पण चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळणारा. त्यामुळे ॲल्युमिनियम समजून त्याला डाग द्यावयास जावे, तर वस्तूचा गोळाच हाती येतो. यावर उपाय अगदी साधा आहे: वस्तू हवेत तोलावी, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलावी, आणि पहिल्या वजनाला दोहोंतील फरकाने भागावे. भागाकार पावणेतीनच्या आसपास आला तर ॲल्युमिनियम, साडेसहाच्या आसपास आला तर जस्ताचा मिश्रधातू.

मात्र घरी सर्वच काही करावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. प्रेशर कुकरच्या झाकणावरील सुरक्षा-झडपेत ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची गुडदी असते. ती वितळते म्हणूनच पाणी आटलेला कुकर फुटत नाही. तिच्या जागी कोणी सुबक पितळी स्क्रू बसविला, तर त्याचे कौशल्य वाखाणण्याजोगे असले तरी कृत्य घातक आहे. ब्रेकचे भाग आणि गॅसच्या जोडण्या यांनाही हाच निर्बंध लागू समजावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात आरंभ केला तो सायकलींच्या दुकानाने, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, हा इतिहास महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाला शोभेल अशी तजवीज आता व्हावयास हवी. यंत्र विकणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने माहितीपुस्तकात सुट्या भागाच्या केवळ क्रमांकावर न थांबता त्याचा व्यास, आटे आणि धातू छापावा, अशी सक्ती सरकारने करावी. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी नवा भाग घडविण्याच्या परीक्षेबरोबर अनोळखी भाग ओळखण्याचीही परीक्षा ठेवावी. ज्यांच्या घरी असे काम चालते त्यांना माझी विनंती आहे की, असा एखादा भाग तुम्ही घडविलात, तर त्याचे चित्र, मापे, धातू आणि तारीख एका कागदावर लिहून तो कागद यंत्राच्या खणात ठेवा; पुढे ते यंत्र ज्याच्या हाती जाईल, त्याला हे सारे शोधकाम मुळापासून करावे लागणार नाही.