आधी अडलंय कुठे ते बघा!

पीसी जुना झाला की आपण लगेच म्हणतो, "डबा झालाय, टाका भंगारात!" पण मोडेमच्या जमान्यातली ही गोष्ट ऐका, मग ठरवा.

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटीच्या सिरियल पोर्टवर १६४५० ही यूएआरटी चिप असायची. येणारे बिट जमवून बाइट बनवणं हे तिचं काम. पण तयार झालेला एकच बाइट तिच्यात थांबू शकतो. १९९४ मध्ये २८.८ केबीपीएसचे व्ही.३४ मोडेम आले. कॉम्प्रेशनचा फायदा हवा तर पोर्ट ५७,६०० वर ठेवायचा. स्टार्ट आणि स्टॉप धरून बाइटला १० बिट, म्हणजे दर १७४ मायक्रोसेकंदाला एक बाइट दारात हजर! तेवढ्यात प्रोसेसर डिस्कच्या कामात गुंतला, की नवा बाइट जुन्यावर येऊन बसणार. हाच ओव्हररन. शिव्या मात्र मोडेमला!

उपाय? १६५५०ए. हिच्यात १६ बाइटचा फिफो आहे. प्रोसेसर जरा उशिरा आला तरी बाइट रांगेत थांबतात. चिप सॉकेटमध्ये असेल तर नुसती बदलायची, नाहीतर नवं सिरियल कार्ड लावायचं. बाकी मशीन तेच!

आपण व्हायव्हात फिफोचा फुल फॉर्म धडाधड सांगतो. पण मशीन अडलं की कुठे अडलं, हे कोण शोधतो? माझ्या मते लॅबमधला कुठलाही पीसी भंगारात काढण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. नाहीतर आपल्यात आणि गिऱ्हाइकात फरक तो काय?