कोहिबाचे मोल आणि दाम

उंची चिरुटांची तुलना निघाली की क्यूबाचा ‘कोहिबा’ अग्रस्थानी ठेवला जातो. १९६६ मध्ये जन्मलेला हा चिरूट आरंभी फिडेल कॅस्ट्रो व सरकारी पाहुण्यांपुरताच होता. बाजारात तो १९८२ साली आला. त्याची काही पाने लाकडी पिंपांत तिसऱ्यांदा आंबविली जातात आणि त्यामुळे धूर मऊ होतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु २०२२ मध्ये हबानोस कंपनीने त्याचे जगभरचे दर हाँगकाँगच्या पातळीला नेऊन भिडविले, कित्येक देशांत ते दुपटीवर गेले, तेव्हा पिनार देल रिओच्या शेतांतले पान काही दुपटीने सुधारले नव्हते. ‘पार्तागास’चा सेरी डी क्रमांक ४ त्याच प्रांतातल्या पानांचा, तोही हातानेच वळलेला, पैशाच्या मानाने तोच उजवा. १९६२ पासून अमेरिकेच्या व्यापारबंदीने गांजलेल्या देशाला परकीय चलन हवे, हा बचाव खोटा नव्हे. मात्र हबानोसमध्ये निम्मी मालकी परकीय भांडवलाची आहे. वाढीव दरातले वळणाऱ्या हातांपर्यंत किती पोचते, हा रकाना रसिकांच्या गुणपत्रिकेत नसतो.