गाडी ‘हलते’ म्हणजे काय?

थरथर, कंप, हादरा, धक्का, खडखड. आपल्या भाषेने हे शब्द उगीच निराळे ठेवलेले नाहीत. पण गाडी बिघडली की आपण मिस्त्रीला एवढेच सांगतो, “गाडी हलते हो!” वैद्यासमोर बसून नुसते “दुखते” म्हणावे, तशातली ही गत.

आमच्या मारेगावात दिवाळीला नागपूरकडची पाहुणेमंडळी मोटार घेऊन येतात. परतीच्या पावसाने भिजलेल्या पांदणीतून शेतावर एक चक्कर होतेच. मग गाडी बाहेरून लख्ख धुतली जाते. गावात ती शहाण्यासारखी चालते. पण करंजीला हमरस्ता लागून काटा ऐंशीपुढे गेला की स्टिअरिंग थरथरू लागते. मंडळी म्हणतात, इंजिन गेले!

बहुधा गेलेले काहीच नसते. चाकाच्या आतल्या बाजूला आमची काळी माती वाळून घट्ट बसलेली असते. ताशी ९० किलोमीटर वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरते. तेव्हा कडेला चिकटलेले ५० ग्रॅमचे ढेकूळ चाकाला सुमारे ६ किलो वजनाइतकी ओढ देते. ४५ च्या वेगाला हीच ओढ दीड किलोची. कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते.

म्हणून आधी चाके आतून धुवावीत. तरी थरथर राहिली, तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. अलाइनमेंट निराळे; ते गाडी एका बाजूला ओढत असेल तेव्हाचे.

मिस्त्रीला मात्र नीट सांगावे. थरथर हातांत जाणवते की बैठकीत? हातांत असेल तर बहुधा पुढची चाके, बैठकीत असेल तर मागची. ब्रेक दाबल्यावरच हादरते? मग ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. वेग घेतानाच कापते आणि पाय उचलताच थांबते? दोष चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांत असू शकतो. उभ्या गाडीतही इंजिन वाढवल्यावर कापते? मग इंजिनाची माउंटिंग तपासावीत.

थरथर एकाएकी सुरू झाली किंवा वाढत चालली, तर मात्र वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यावी. चाकाचे नट सैल झालेले असतील किंवा टायरला फुगा आलेला असेल. तिथे “घरी जाऊन पाहू” चालत नाही.

आणि मागे बसलेल्या आजी “बैठक कापतेय रे” म्हणाल्या, तर ती त्यांच्या वयाची थरथर समजू नये. मागच्या चाकांची खबर त्यांनाच आधी लागते!