बेंगळुरूच्या दोन वाटा

बेंगळुरू हे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले शहर. तथापि परदेशाशी होणारा त्याचा बहुतेक संदेशव्यवहार समुद्रातूनच चालतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. समुद्रतळावरील केबल मुख्यत्वे मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. चेन्नई बेंगळुरूपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तर मुंबई सुमारे हजार किलोमीटर. एक वाट पश्चिमेची, दुसरी पूर्वेची.

या दोन वाटांचे मोल ३० जानेवारी २००८ रोजी कळून आले. त्या दिवशी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतातून युरोपकडे जाणारी वाहतूक एकाएकी अडली. ज्यांनी सिंगापूरमार्गे पॅसिफिक ओलांडणारी वाट आधीच हाताशी ठेवली होती, त्यांचे काम निभावले. पण सर्वांचाच ओघ तिकडे वळल्यावर त्या वाटेवरही दाटी झाली.

आता कोणीही विचारील, की दोन वाटा आहेत तर वाहतूक रोजच निम्मी-निम्मी का वाटून देऊ नये? प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर वाटते तितके सोपे नाही. संगणकाचा संदेश अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. एक तुकडा जवळच्या वाटेने आणि पुढचा लांबच्या वाटेने गेला, तर ते उलटसुलट क्रमाने पोचतात. घेणाऱ्या यंत्राला मधला तुकडा हरवला असे वाटते आणि पाठवणारे यंत्र आपला वेग कमी करते. म्हणून जाळ्यातील स्विच निराळी युक्ती योजतो. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता इत्यादी आकड्यांवर तो एक गणित करतो आणि उत्तर येईल त्या वाटेने त्या संभाषणाचे सर्व तुकडे धाडतो. क्रम बिघडत नाही.

उणीव अशी, की या गणिताला ओझ्याची कल्पना नसते. मुलीने बेंगळुरूहून सांगलीला आईशी केलेली बातचीत आणि एखाद्या कचेरीची रात्रभर चालणारी माहितीची नक्कल, दोन्ही त्याच्या लेखी सारखीच. या धंद्यातील लोक मोठ्या प्रवाहांना ‘हत्ती’ आणि लहानांना ‘उंदीर’ म्हणतात. दोन हत्ती एकाच वाटेला लागले, की शेजारची वाट मोकळी असूनही बिचारे उंदीर चेंगरतात.

यावरचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळे. यात प्रत्येक स्विच स्वतःपुरता निर्णय घेत नाही. मध्यवर्ती नियंत्रक सगळ्या वाटांवरील भार पाहतो व स्विचांना आज्ञा देतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा आज्ञांची ‘ओपनफ्लो’ ही पद्धती २००८ मध्ये मांडली. पुढे २०१३ मध्ये गूगलने आपल्या संगणककेंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याचा अनुभव प्रसिद्ध केला. दूरच्या वाटा सरासरी तीस-चाळीस टक्केच भरू देण्याची रीत असताना, या जाळ्यात ते प्रमाण सत्तर टक्क्यांवर गेले. केबलच्या खर्चाचा विचार करता हा लाभ थोडाथोडका नव्हे.

मात्र सर्व बुद्धी एके ठिकाणी ठेवली, की तेच ठिकाण बंद पडण्याची धास्ती येते. म्हणून नियंत्रक एकाहून अधिक ठेवतात, आणि आज्ञा येईनाशी झाली तरी स्विच शेवटच्या आज्ञेप्रमाणे काम चालू ठेवतील अशी तजवीज करतात.

शिवाय कोणताही नियंत्रक अंतर कमी करू शकत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वळसा वीस हजार किलोमीटरचा पडला, तर जाण्यायेण्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा अधिक लागतो. पत्राला त्याचे काही नाही. बोलणाऱ्या दोघांना मात्र तो विलंब जाणवतो आणि ती एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. तेव्हा आखूड वाट संभाषणाला द्यावी आणि हत्तींना वळशाने पाठवावे, हे नियंत्रकाला आधी कोणीतरी सांगून ठेवावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपली वाहतूक अन्य वाटांनी वळवली आणि काही काळ विलंब होईल, असे ग्राहकांना कळवले. काम थांबले नाही. उत्तरे तेवढी उशिरा येत राहिली.