भुयारी रेल्वे आणि व्यापाऱ्याचा हिशेब

गेली काही वर्षे आपल्या उज्जैन नगरीत पेढीपेढीवर एका विषयाची चर्चा चालू आहे. इंदूरची मेट्रो उज्जैनपर्यंत आणावी अशी योजना पुढे आली असून, लवकुश चौकापासून उज्जैन रेल्वे स्थानकापर्यंतच्या सुमारे ४५ किलोमीटरांच्या ह्या मार्गाचा बहुतेक भाग खांबांवरून व उज्जैन शहरातील थोडा भाग जमिनीखालून नेण्याचा त्यात विचार आहे. तेव्हापासून दोन टोकांची मते कानी पडतात. कोणी म्हणतो, लंडनात जे आहे ते येथे का नको? सगळाच मार्ग भुयारातून न्यावा, म्हणजे वरची जमीन मोकळी राहील. दुसरा म्हणतो, एवढ्याशा गावाला भुयार म्हणजे झोपडीवर सोन्याचा कळस. दोन्ही मतांत आवेश पुष्कळ आहे, जमाखर्च मात्र थोडा आहे. आपण व्यापारी आहोत आणि व्यापाऱ्यास जमाखर्चच शोभतो. म्हणून भुयारी रेल्वे कोठे परवडते व कोठे परवडत नाही, ह्याचा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहे.

रेल्वे आणि हिशेब यांचे नाते माळव्यास नवे नाही. १८७० साली इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खांडव्याहून इंदुरास येणाऱ्या लोहमार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ते साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारनेही इंदूर-नीमच मार्गासाठी ७५ लाखांचे कर्ज दिले व इंदूर-उज्जैन लोहमार्ग १८७६ साली सुरू झाला. रेल्वेत घातलेले मुद्दल एका पिढीत वसूल होत नाही, हे त्या मुदतीवरूनच स्पष्ट होते. म्हणून रेल्वेबाबत पहिला प्रश्न असा विचारावा की, शंभर वर्षे तिच्यात रोज कोण बसणार आहे?

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. तेव्हा विजेची गाडी नव्हती. वाफेची इंजिने धूर सोडीत भुयारातून धावत. इतका त्रास सोसूनही लोक जमिनीखाली गेले, कारण वरचे रस्ते घोडागाड्यांनी तुंबले होते आणि वरची जागा मिळणे अशक्यप्राय झाले होते. जेथे वरची जमीन खोदाईपेक्षा महाग पडते आणि उतारूंची गर्दी बारमाही असते, तेथे भुयार परवडते. ह्या दोहोंपैकी एक गोष्ट नसेल तर ते परवडत नाही. पुढील सर्व विवेचन ह्या एका नियमाचाच विस्तार आहे.

आता आकडे पाहू. मुंबईची कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरांची, जवळजवळ संपूर्ण भुयारी मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०२५ च्या ऑक्टोबरात पुरी झाली. तिचा प्रारंभीचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटींहून अधिक. उलट, मुख्यतः खांबांवरून जाणाऱ्या इंदूर मेट्रोच्या सुमारे साडेएकतीस किलोमीटरांस २०१८ साली मंजुरी मिळाली, ती सुमारे ७,५०० कोटींची. म्हणजे किलोमीटरमागे दोनशे चाळीस कोटींच्या आसपास. दोन्हींची वर्षे निराळी आणि शहरेही निराळी, तेव्हा ही तुलना तोळामासा अचूक नव्हे. तरी प्रमाण ध्यानात येते. शिवाय भुयाराचा खर्च बांधकामाबरोबर संपत नाही. हवा खेळती ठेवणे, पाझरणारे पाणी उपसणे, अहोरात्र दिवे आणि सरकते जिने चालू ठेवणे, हा खर्च उतारू असोत वा नसोत, दररोज नावे पडतच असतो.

ह्या नियमाने शहराशहरांमधील भुयाराचा निकाल चटकन लागतो. जगातील लांब बोगदे पाहिले तर जपानचा सेइकान (१९८८) आणि इंग्लंड-फ्रान्समधील बोगदा (१९९४) समुद्राखाली आहेत, तर स्वित्झर्लंडचा ५७ किलोमीटरांचा गोटहार्ड (२०१६) आल्प्स पर्वताखाली आहे. वर वाटच नव्हती, म्हणून ते झाले. त्याच स्वित्झर्लंडमध्ये शहरे भुयारांनी जोडून, त्यांतील हवा विरळ करून, अतिवेगाने गाड्या सोडण्याची ‘स्विसमेट्रो’ नावाची योजना निघाली होती. भांडवल न जमल्याने २००९ साली ती कंपनी गुंडाळली गेली. आपल्याकडील मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे ५०८ किलोमीटरांची आहे, पण तिचा मोठा बोगदा मुंबईकडील २१ किलोमीटरांचाच, व त्यातील ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली आहेत. डोंगरातील काही छोटे बोगदे वगळता उरलेला मार्ग बहुतेक खांबांवरच आहे. दिल्ली-मेरठ वेगवान मार्गही दाट वस्तीत जमिनीखाली उतरतो आणि वस्ती सरली की वर येतो.

इंदूर आणि उज्जैन यांच्यामध्ये डोंगरही नाही आणि खाडीही नाही. सोयाबीन-गव्हाची सपाट शेते आहेत. त्यातच दोन लोहमार्ग आधीपासून आहेत, एक देवासवरून व दुसरा फतेहाबादवरून. हा दुसरा मार्ग रुंद करून २०२१ साली पुन्हा सुरू झाला आहे. अशा ठिकाणी शेताखालून भुयार खणणे म्हणजे सपाट अंगणात शिडी लावण्यासारखे होय. ह्या दोन मार्गांवर ठराविक वेळेच्या पुरेशा गाड्या सोडल्यास काय साधते, हे आधी पाहणे शहाणपणाचे ठरेल.

शहराच्या आतील गोष्ट मात्र निराळी आहे. पटनी बाजार, छत्री चौक, गोपाळ मंदिराचा परिसर येथे खांब उभे करणे म्हणजे बाजार मोडणे होय. खांबांना रुंदी लागते, रुंदीसाठी दुकानांचे दर्शनी भाग पाडावे लागतात, आणि वर स्थानक आले की खालच्या गल्लीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. पुण्याच्या पेठांपुढे हीच अडचण होती. तेथे शिवाजीनगर ते स्वारगेट हा मार्ग मुठा नदी आणि पेठा यांच्या खालून नेला. मंडईजवळ भुयारी स्थानक झाले आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो भाग पुरा सुरू झाला. तेव्हा उद्या कोणी हा मार्ग स्थानकाच्या पुढे जुन्या बाजारात नेऊ म्हटले, तर आपले उत्तर असे असावे की, न्यायचा तर खालून न्या, नाहीतर स्थानकापाशीच थांबा.

पण भुयार खालून गेले म्हणून वरचा व्यापारी सुरक्षित झाला, असे समजू नये. कोलकात्याचा बहुबाजार हा सोनार-सराफांचा जुना भाग. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तेथे मेट्रोचे खोदाई यंत्र भूगर्भातील पाण्याच्या थरास लागले, माती खचली, जुनी घरे कोसळली व शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी घरे सोडावी लागली. २०२२ सालीही तेथील घरांना पुन्हा तडे गेले. तो मार्ग अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. कारागिरांच्या मधल्या सहा वर्षांची किंमत कोणत्या वहीत मांडावी? मुंबईत २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशद्वाराजवळची भिंत कोसळून फलाटात पाणी शिरले. आपल्याकडे क्षिप्रा जवळ आहे, जुनी घरे एकमेकांना टेकून उभी आहेत, आणि जमिनीच्या पोटात तर इतिहासच आहे. महाकाल परिसराच्या विस्तारासाठी खोदकाम चालू असता २०२१ साली परमारकालीन मंदिराचे अवशेष निघाले, हे सर्वांस ठाऊक आहे. येथे कुदळ जपूनच चालवावी लागेल.

गर्दीचाही विचार नीट व्हावा. २०२८ च्या सिंहस्थाचा आधार ह्या चर्चेत वारंवार घेतला जातो. परंतु सिंहस्थ बारा वर्षांतून एकदा येतो आणि महिनाभराने उठतो. २०१६ सालचा २२ एप्रिलपासून २१ मेपर्यंत होता. एका महिन्याच्या सुगीवर कोणी बारा वर्षांचे कोठार बांधीत नाही. महाकाल लोक २०२२ साली खुले झाल्यापासून यात्रेकरू बारमाही येऊ लागले, हे मान्यच आहे. म्हणून शासनाने भाद्रपदातल्या एखाद्या साध्या बुधवारची गणती करावी आणि तीवर गणित मांडावे. २०११ च्या जनगणनेत उज्जैनची वस्ती सुमारे ५ लाख १५ हजार होती, तर इंदूरची १९ लाखांहून अधिक. इंदूरला जे पेलते ते आपणांस पेलेलच, असे नाही.

आणखी एक गोष्ट बोलण्यात येत नाही. मेट्रो गिऱ्हाईक आणते, माल आणीत नाही. धान्याची पोती, कापडाच्या गाठी, किराण्याची खोकी ही हातगाडीने आणि टेम्पोनेच येणार. भुयार झाले तरी वरच्या रस्त्यावरील मालाची चढउतार, हमालांची जागा व गाड्यांची वेळ यांची व्यवस्था लागलीच पाहिजे. अन्यथा खाली सुखाचा प्रवास आणि वर तीच कोंडी राहील.

म्हणून संघाने केवळ विरोध वा केवळ जयजयकार न करता, पहिला खड्डा पडण्यापूर्वीच काही गोष्टी लेखी मागाव्यात. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक इमारतीची छायाचित्रांसह पाहणी व्हावी आणि तिची प्रत मालक व भाडेकरू दोघांनाही मिळावी. भरपाई भिंतीच्या तड्याची द्यावी, तशीच बुडालेल्या धंद्याच्या दिवसांचीही द्यावी, व तीत गुमास्ते, हमाल, हातगाडीवाले यांचा वाटा असावा. दिवाळी आणि लग्नसराईत बाजाराचा रस्ता बंद होऊ नये. स्थानकाची दारे बाजाराच्या तोंडाशी असावीत. ही सर्व कलमे तपासण्यास संघाने स्वतःचा एक जाणता अभियंता नेमावा; त्याचे वेतन आपल्या वर्गणीस जड नाही.

आणि एक काम आपले आपणच करावयाचे आहे. आपल्यापैकी कित्येकांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या पागडीवर आहेत. शब्दावर व्यवहार झाला, कागद कोठे आहे ते कोणास ठाऊक नाही. शब्दाला जागणे हे आपले भूषण खरे, पण भरपाईच्या खिडकीपाशी शब्द चालत नाही, कागद चालतो. रेल्वे येवो वा न येवो, ह्या वर्षी प्रत्येक सभासदाने आपल्या दुकानाचे भाडेपत्र, पावत्या आणि परवाने एकत्र करून ठेवावेत. यंत्र जमिनीखालून येईल तेव्हा ते आपणांस विचारून येणार नाही. आपली वही तेवढी तयार असावी.